क्लचचं पेडल खाली गेलंय आणि करकरतंय? गिअर बॉक्स उतरवण्याआधी हे तपासा

कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला येत होतो. घाट सुरू झाला तेव्हा लक्षात आलं की माझ्या अल्टोचा क्लच पार खाली गेलाय. पेडल चटईला टेकवलं तरच गिअर पडत होता, आणि दर वेळी पाय दाबला की गंजलेल्या बिजागरीसारखी करकर ऐकू येत होती. ती करकर त्याआधी दोन-तीन आठवडे चालूच होती. पावसाळी हवेमुळे होत असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. घरी पोचल्यावर एका गॅरेजात गाडी दाखवली. मेकॅनिकने पेडल दोनदा दाबून पाहिलं आणि सांगितलं, "प्लेट गेली साहेब. गिअर बॉक्स उतरवावा लागेल, पूर्ण सेटच टाकू."

मी गाडी तशीच परत आणली, कारण प्लेट झिजली असती तर पेडल वर यायला हवं होतं, आणि माझं खाली गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवा झालो. क्लच ओढणाऱ्या वायरीचं टोक पेडलच्या हुकात अडकतं तिथे बोट फिरवलं, तर बोटाला तारा टोचल्या. पिळातल्या निम्म्याहून जास्त तारा तुटून झाडूच्या हिरांसारख्या फाकल्या होत्या आणि उरलेल्या तारांवर सगळा भार होता. वायर बदलली, पेडलचा खेळ, म्हणजे जोर लागण्याआधीची त्याची मोकळी हालचाल, बसवला, पेडलच्या बुशला, म्हणजे पिनभोवतीच्या नळीला, ग्रीस लावलं. त्याच जुन्या प्लेटवर गाडी पुढे तीन वर्षं चालली.

तेव्हापासून ओळखीपाळखीच्या लोकांच्या बऱ्याच गाड्यांचे क्लच मी असेच आडवा होऊन पाहिलेत. वायर शेकड्यांत येते, क्लच सेट मजुरीसकट हजारांत जातो. म्हणून पेडल खाली गेलं की कुणी लगेच प्लेटचं नाव घेतलं, तर आधी स्वतः मोजून बघा. त्याला अर्धा तास, एक टॉर्च आणि शाळेतली एक पट्टी पुरते.

पेडल वर आलं तर प्लेट, खाली गेलं तर दुसरं काहीतरी

हे एकदा नीट समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, दाबून धरण्याचं काम प्रेशर प्लेट करते. तिच्यात ताटलीच्या आकाराची एक स्प्रिंग असते आणि त्या स्प्रिंगला मध्याकडे आलेल्या बोटांसारख्या पट्ट्या असतात. तुम्ही पेडल दाबलं की वायर फोर्कला, म्हणजे काट्यासारख्या दांड्याला, ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला त्या बोटांवर ढकलतो, बोटं आत दबतात आणि प्लेट मोकळी होते.

प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट तेवढीच फ्लायव्हीलकडे सरकते. स्प्रिंग मध्येच टेकलेली असल्यामुळे तिच्या बोटांची टोकं मात्र उलट दिशेला, म्हणजे बेअरिंगकडे बाहेर येतात. बेअरिंग आणि बोटं यांच्यातली मोकळी जागा कमी होते, पेडलचा खेळ कमी होत जातो आणि क्लच दिवसेंदिवस वर पकडायला लागतो. जुन्या गाडीत पाय जवळजवळ पूर्ण उचलल्यावर गाडी हलते, ती याच कारणाने.

त्यामुळे वायरीच्या गाडीत पेडल वर चढत गेलं तर प्लेटवर संशय घ्यावा. खाली गेलं तर वायर, पेडलचा बुश, पेडल जिथे बसवलंय तो ब्रॅकेट किंवा फोर्कचा बाहेरचा दांडा यांच्याकडे बघावं. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडल खाली गेलं तर तेल कमी झालंय, हवा शिरलीय किंवा सिलिंडरची रबरं गेलीत. याला अपवाद आहेत. आतला फोर्क वाकला, स्प्रिंगची बोटं झिजली किंवा तुटली, तरी क्लच खाली सुटतो, आणि त्यासाठी गिअर बॉक्स उतरवावाच लागतो. पण ते शेवटी तपासायचं, सुरुवातीला नाही.

तुमच्या गाडीला वायर आहे की तेल, हे आधी ओळखा. मारुती ८००, ओम्नी, अल्टो आणि जुनी वॅगन आर या गाड्या वायरीच्या. इनोव्हा, होंडा सिटी अशा गाड्या तेलाच्या. शंका असेल तर बोनेट उघडा आणि पेडलच्या समोर, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून काय बाहेर येतं ते बघा. काळं आवरण असलेली जाड वायर निघून गिअर बॉक्सवरच्या दांड्याला जात असेल तर वायर. तिथे सिलिंडर असेल आणि त्याला बारीक पाइप जोडलेला असेल तर तेल.

मोजमाप, आणि त्याच्याही आधी चटई

गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा. आता पहिलं काम म्हणजे पायाखालची चटई काढून बाजूला ठेवा. फार किरकोळ वाटेल, पण मूळ कार्पेटवर जाड रबरी चटई आणि तिच्यावर आणखी एक जाळीची चटई असली की पेडलचा तळाचा प्रवास दोन-तीन सेंटीमीटरने कमी होतो. क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कर्र करतो. चटई काढून दुरुस्त झालेले दोन क्लच मी स्वतः पाहिलेत. चटई काढल्यावरही त्रास राहिला तरच पुढे जायचं.

मग पट्टी पेडलशेजारी उभी धरा आणि तीन आकडे वहीत लिहा.

पहिला आकडा पेडलच्या उंचीचा. पाय न लावता पेडल जमिनीपासून किती वर आहे ते मोजा आणि शेजारच्या ब्रेकच्या पेडलशी तुलना करा. बऱ्याच गाड्यांत दोन्ही जवळजवळ एका पातळीत असतात. क्लचचं पेडल स्वस्थ असतानाच ब्रेकच्या बरंच खाली लोंबत असेल, तर परत खेचणारी स्प्रिंग निसटली आहे किंवा पेडलचा बुश झिजला आहे.

दुसरा आकडा खेळाचा. इथे पाय नको, हाताची दोन बोटं वापरा. पेडल हळू दाबत जा. सुरुवातीला ते अलगद जातं आणि मग एका जागी जोर लागायला लागतो. पेडल सोडल्यापासून त्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे खेळ. छोट्या मारुती गाड्यांत तो साधारण १५ ते २५ मिलीमीटर असावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो आणि तोच प्रमाण मानायचा. पायाने दाबून खेळ कळत नाही, कारण पायाला तेवढा बारीक जोर जाणवतच नाही.

तिसरा आकडा पकडीचा. इंजिन चालू करा, पहिला गिअर टाका, हँडब्रेक ओढलेला ठेवा आणि पाय अगदी हळू उचला. गाडीचं नाक जरासं वर उचललं जातं किंवा इंजिनाचा आवाज जड होतो, तिथे पाय थांबवा. जमिनीपासून ती जागा किती वर आहे ते शेजारी बसलेल्या माणसाला पट्टीने मोजायला सांगा. गाडीपुढे कुणी उभं नको.

खेळ ३५-४० मिलीमीटर निघाला आणि पकड जमिनीलगत असेल, तर वायर ढिली पडली आहे. खेळ बरोबर आहे तरी पकड खाली आहे, असं निघालं तर जोर मध्येच कुठेतरी वाया जातोय. पत्रा लवतोय, ब्रॅकेट वाकतोय, वायरीचं आवरण दबतंय किंवा फोर्कचा दांडा त्याच्या शाफ्टवर घसरतोय. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दुसऱ्या प्रकारात नट आवळून काही दिवस बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच होतं.

क्लच खरंच सुटतोय का?

इंजिन मंद गतीवर चालू ठेवा, क्लच पूर्ण दाबा, मनात चार मोजा आणि रिव्हर्स गिअर टाका. बहुतेक छोट्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर पडण्याआधी फिरण्याचा वेग जुळवणारा भाग, नसतो, त्यामुळे प्लेट जराशी जरी फिरत राहिली तरी तो लगेच कर्र करतो. चार सेकंद थांबूनही आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाही. लगेच टाकल्यावर आवाज येतो आणि थांबल्यावर येत नाही, असं असेल तर क्लच ठीक आहे. फक्त प्लेटला फिरायचं थांबायला वेळ द्या.

उलट तपासणीही एकदा करावी. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनाचा आवाज झपकन वाढला आणि गाडीचा वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच घसरतोय आणि तिथे प्लेटचा विचार करावा लागेल. ही चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केली तर चाचणीनेच प्लेट जळते.

आवाज कुठून येतो ते हाताने शोधा

करकर ऐकून अंदाज बांधू नका, हात लावून बघा. इंजिन बंद असताना पेडल हाताने वरखाली करा. इंजिन बंद असूनही आवाज येत असेल, तर तो पेडल, वायर किंवा फोर्कचा शाफ्ट यांतूनच येतो. रिलीज बेअरिंगचा आवाज वेगळा असतो. इंजिन चालू असताना पेडल दाबलं की घरघर किंवा सूंऽऽ असा सलग आवाज सुरू होतो आणि सोडलं की थांबतो. याच्या उलट, पाय काढल्यावर घरघर येते आणि पेडल दाबल्यावर थांबते, तर गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बघायला हवं. या दोन्हींचा आपल्या करकरीशी संबंध नाही.

आता एक माणूस पेडल हळूहळू दाबत राहील आणि तुम्ही शोधायचं, अशी व्यवस्था करा. एक हात पेडल जिथे वर अडकवलेलं आहे त्या पिनवर ठेवा. बुश कोरडा असेल तर करकर कानाआधी बोटांना कळते, एक बारीक थरथर लागते. मग हात वायरीच्या आवरणावर न्या, ते पत्र्यातून बाहेर पडतं तिथे. नंतर बोनेट उघडून गिअर बॉक्सवरच्या दांड्याच्या मुळाशी हात लावा. दांडा हलताना त्याच्या आणि गिअर बॉक्सच्या मध्ये बोट अडकणार नाही एवढी काळजी घ्या. आणि हे सगळं इंजिन बंद आणि थंड असतानाच करायचं.

माझा अनुभव असा की सर्वांत जास्त करकर पेडलच्या बुशची असते. हा बुश नायलॉनचा असतो. तो झिजला की पेडल वरखाली होण्याबरोबर आडवंही डुलायला लागतं. पेडलचा पॅड धरून डावी-उजवीकडे हलवा. ठळक डुगडुग जाणवली तर बुश गेला. पेडलच्या बरोबर खाली कार्पेटवर काळसर किंवा तांबूस भुकटी सांडलेली दिसली, तर धातू धातूवर घासायला लागलाय. माझ्या मेहुण्याच्या जुन्या ८०० मध्ये ती भुकटी चहाच्या चमचाभर होती आणि पिन एका बाजूने अर्धी खाल्ली गेली होती.

ब्रॅकेटकडे टॉर्च मारून नीट बघा, विशेषतः वेल्डिंगच्या जागा. पेडल दाबल्यावर पत्र्याला जोडलेला भाग इंजिनाकडे ढकलला जातो का? रंगाला केसासारखी चीर दिसते का? चिरेच्या कडेला गंजाची बारीक रेघ असेल तर ती चीर जुनी आहे आणि वाढते आहे. पेडल खाली जाणं आणि करकर दोन्ही एकत्र सुरू झाली असतील, तर तुटत चाललेली वायर आणि तडकलेला ब्रॅकेट हे दोन संशयित आधी तपासा. दोन्ही एक दिवस अचानक दगा देतात, आणि बऱ्याचदा घाटात किंवा सिग्नलला देतात, कारण क्लच सर्वांत जास्त तिथेच दाबला जातो.

कोकणातल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. समुद्राजवळच्या खाऱ्या, दमट हवेत वायर आवरणाच्या आत गंजते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. खूण अशी की पेडल जड होतं आणि सोडल्यावर टपकन वर न येता रेंगाळत येतं. अशा वायरीला नट आवळून काही फायदा नाही. ती बदला.

वायरीचा खेळ बसवणं

वायर शाबूत आहे, ब्रॅकेट घट्ट आहे, फक्त खेळ जास्त आहे, अशी खात्री झाली तरच हे काम करायचं. हाताशी १०, १२ आणि १४ चा पाना, एक पकड, तारेचा ब्रश आणि गंज सोडवणारा स्प्रे ठेवा.

बोनेट उघडा आणि वायरीच्या मागे मागे हात नेत गिअर बॉक्सपर्यंत जा. छोट्या मारुतीत वायरीच्या शेवटी आटे असलेला दांडा असतो. तो फोर्कच्या बाहेरच्या दांड्यातल्या आडव्या पिनमधून आरपार जातो आणि पलीकडे नट असतो. हा नट म्हणजे तुमची जुळवणी. तिथे सहसा चिखल आणि तेलाचा थर बसलेला असतो. आधी ब्रशने आटे स्वच्छ करा, स्प्रे मारा आणि दहा मिनिटं थांबा. गंजलेल्या आट्यांवर घाईने पाना फिरवला की नट फिरत नाही, वायरच पिळली जाते. पिळलेली वायर महिन्याभरात तुटते.

सुरू करण्याआधी नटाच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजून लिहा. काही चुकलं तर मूळ जागी परत येता येतं. मग फोर्कचा दांडा हाताने हलवून बघा. तो सैल हलतो ते अंतर २ ते ४ मिलीमीटर असावं. हा आतला खरा खेळ. पेडलवरचे १५ ते २५ मिलीमीटर म्हणजे पेडलच्या लांबीमुळे मोठं होऊन दिसणारं हेच अंतर.

आता दांड्याचं टोक पकडीने हलकं धरून ठेवा, म्हणजे वायर फिरणार नाही, आणि नट अर्धा फेरा आवळा. त्याहून जास्त नको. एका पूर्ण फेऱ्यात वायर एक-सव्वा मिलीमीटर सरकते आणि पेडलवर त्याचा परिणाम काही पटीने मोठा होतो, म्हणून अर्ध्या फेऱ्याचीच सवय ठेवा. गाडीत बसून पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडा, वायर आणि आवरण आपापल्या जागी बसू द्या, आणि मग दोन बोटांनी खेळ मोजा. पुन्हा अर्धा फेरा, पुन्हा पाच-सहा वेळा पेडल, पुन्हा मोजणी. २० मिलीमीटरच्या आसपास आलं की थांबा. जिथे चेकनट, म्हणजे पहिल्या नटाला जागेवर धरणारा दुसरा नट, आहे तिथे तो आवळून पुन्हा एकदा मोजा, कारण चेकनट आवळताना जुळवणी थोडी सरकते.

पेडल खूप वर आणायचा मोह टाळा. खेळ शून्य झाला की रिलीज बेअरिंग कायम बोटांना टेकून फिरत राहतं. बेअरिंग वाजायला लागतं, बोटं घासली जातात, आणि प्लेटवरचा दाब कमी पडला की चढावर क्लच घसरतो. गाडी दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये जळक्या वासाने सांगते की काहीतरी चुकलं. पायाला हलकं आणि छान वाटतं म्हणून घट्ट केलेले क्लच मी असे गेलेले पाहिलेत, आणि ते नुकसान टाळता आलं असतं.

आटे संपले तरी खेळ कमी होत नाही, म्हणजे वायर ताणली गेली आहे, ती बदला. बसवलेला खेळ आठ-पंधरा दिवसांत पुन्हा वाढला, तर वायर आतून तुटतेय किंवा ब्रॅकेट लवतोय. आणि फोर्कचा बाहेरचा दांडा शाफ्टवर ज्या बोल्टने आवळलेला असतो तो ढिला नाही ना, तेही बघा. दांडा आणि शाफ्ट यांच्यावर खडूने एक सरळ रेघ ओढा आणि पेडल दहा वेळा दाबा. रेघ मोडली तर दांडा घसरतोय.

नवी वायर टाकताना

जुनी वायर काढण्याआधी तिचा रस्ता मोबाइलवर टिपून ठेवा. नवी वायर जुनीच्या शेजारी जमिनीवर ठेवून लांबी, आवरणाची लांबी आणि दोन्ही टोकं जुळतात का ते बघा. आवरण दहा मिलीमीटरने जरी कमी-जास्त असलं तरी खेळ बसत नाही. वायरीला कुठेही तीव्र वळण येऊ नये, ती सायलेन्सरच्या गरम पाइपजवळून जाऊ नये, आणि पत्र्यातला रबरी ग्रोमेट परत जागेवर बसला पाहिजे. पेडलच्या हुकात टोक अडकवण्याआधी तिथे बोटभर ग्रीस लावा. नवी वायर पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, म्हणून साधारण ५०० किलोमीटरनंतर खेळ पुन्हा मोजायचाच.

करकर थांबवायची तर कुठे काय लावायचं

पेडलच्या नायलॉन बुशला सिलिकॉन ग्रीस किंवा पांढरं लिथियम ग्रीस चालतं. बुश झिजलेला असेल तर ग्रीस आठवडाभर आवाज दाबतं, पण डुगडुग जात नाही. बुश आणि पिन बदलणं हेच काम. पिन काढताना तिची क्लिप उडून डॅशबोर्डमागे जाते, म्हणून खाली एक कापड पसरून ठेवा.

गंज सोडवणारे स्प्रे ग्रीसच्या जागी मारू नका. त्याने करकर त्या क्षणी थांबते, पण उरलंसुरलं ग्रीसही धुऊन निघतं आणि चार दिवसांनी आवाज दुप्पट होतो. शोधायला मात्र हाच स्प्रे उपयोगी आहे. एका जागी थेंबभर मारा आणि पेडल दाबा. आवाज थांबला तर जागा सापडली. मग ती पुसून तिथे योग्य ग्रीस लावा.

वायरीत तेल सोडावं का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. हल्लीच्या बहुतेक वायरींच्या आवरणात आतून प्लास्टिकचं अस्तर असतं आणि त्या कोरड्याच चालायच्या असतात. तेल सोडलं तर धूळ चिकटून आत लगदा होतो आणि पेडल जड होतं. अस्तर नसलेल्या जुन्या वायरीत वरच्या टोकातून पातळ तेलाचे थेंब सोडून वायर पुढे-मागे करता येते.

फोर्कचा शाफ्ट गिअर बॉक्समध्ये शिरतो तिथली करकर खोलवरची, जाड आवाजाची असते आणि पेडलमधून तळपायाला जाणवते. बाहेरच्या कडेला तेलाचा एक थेंब सोडून बघा. आवाज एक-दोन दिवस थांबून परत आला, तर शाफ्टचे बुश कोरडे पडलेत हे नक्की झालं. थेंब म्हणजे थेंबच. तिथे स्प्रेची नळी घालून फवारलं तर तेल आत जाऊन प्लेटला लागतं, आणि तेल लागलेली प्लेट घसरते किंवा गाडी उचलताना थरथरते. हे बुश नीट करायला गिअर बॉक्स उतरवावा लागतो. पण फक्त करकरीसाठी तो लगेच उतरवू नका. कधीतरी प्लेट बदलायची वेळ येईलच, तेव्हा हे काम सोबत करून घ्या.

तेलाच्या क्लचचं पेडल खाली गेलं तर

इथे नटाने जुळवायचा खेळ नसतो. प्लेट झिजली तरी तेल आपोआप ती तफावत भरून काढतं, म्हणून पेडल खाली गेलं की तेलाच्या वाटेवर शोध घ्या.

आधी तेलाच्या डब्यातली पातळी बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डब्यातून तेल घेतात. पातळी उतरली असेल तर तेल कुठेतरी गेलंय, नुसतं भरून गाडी बाहेर काढू नका. पेडलच्या वर, पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरचा दांडा आत शिरतो तिथे कोरड्या कापडाने पुसा आणि कापड बघा. ओलं झालं, किंवा खालचं कार्पेट चिकट लागलं, तर मास्टर सिलिंडरची रबरं गेली. गिअर बॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरचं रबरी टोपण हलकं उचलून बघा. आतून तेल आलं तर तो गळतोय. काही गाड्यांत हा सिलिंडर गिअर बॉक्सच्या आत, रिलीज बेअरिंगलाच जोडलेला असतो. तिथे गळती असेल तर मात्र गिअर बॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही.

कुठेही ओल नाही, पण पेडल चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर वर आणि घट्ट होतं, तर हवा शिरली आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू आपोआप खाली बसत गेलं आणि तेलही कमी होत नसेल, तर मास्टर सिलिंडरमध्ये तेल रबराच्या बाजूने निसटतंय.

हवा काढायला दोन माणसं लागतात. डब्याच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकारचंच तेल, डॉट ३ किंवा डॉट ४, नव्या बंद बाटलीतलं घ्या. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं, म्हणून अर्धी वापरलेली जुनी बाटली नको. स्लेव्ह सिलिंडरच्या ब्लीडर निपलवर, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूवर, पारदर्शक नळी लावा आणि तिचं दुसरं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडवा. आतला माणूस पेडल तीन-चार वेळा दाबून खाली धरून ठेवेल, तुम्ही निपल पाव फेरा सोडा, तेलाबरोबर बुडबुडे निघतील, निपल बंद करा, मगच त्याने पेडल सोडायचं. हवा असताना पेडल स्वतःहून वर येत नाही, पायाच्या बोटाने उचलून घ्यावं लागतं, त्याला घाबरू नका. डब्यातली पातळी मध्ये मध्ये बघत राहा. डबा रिकामा झाला तर नवी हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सांडलेलं तेल गाडीचा रंग उचकटतं, ते लगेच भरपूर पाण्याने धुवा.

काही गाड्यांत पेडल आणि मास्टर सिलिंडरमधल्या दांड्याला आटे असतात आणि पेडलची उंची तिथे थोडी बदलता येते. पण दांड्याला एक-दोन मिलीमीटर मोकळीक राहिलीच पाहिजे. ती संपली तर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र झाकलं जातं, दाब सुटत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो.

गाडी रस्त्यावर काढताना

वायरीच्या तारा तुटलेल्या दिसल्या, ब्रॅकेटला चीर सापडली किंवा तेल गळताना दिसलं, तर त्या दिवशी गाडी घाटात नेऊ नका. जवळच्या गॅरेजपर्यंत सावकाश न्या, नाहीतर मेकॅनिकला घरी बोलवा. गॅरेजात आपली वही दाखवा. उंची इतकी, खेळ इतका, पकड जमिनीपासून इतकी, रिव्हर्सला चार सेकंद थांबूनही आवाज. चांगल्या मेकॅनिकला असे आकडे मिळाले की त्याचंही काम सोपं होतं.

काम झाल्यावर तेच तीन आकडे पुन्हा मोजून तारखेसह लिहा. मी माझ्या पट्टीवर २० मिलीमीटरला लाल पेनाने खूण केली आहे आणि ती पट्टी गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवलेली असते. दर सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी चटई काढायची, दोन बोटांनी पेडल दाबायचं आणि लाल खुणेशी ताडून बघायचं. मागच्या वेळी २३ होतं, या वेळी २८ आलं. येत्या रविवारी पुन्हा टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली जायचं आहे.